स्टँडर्ड एरर: टेबलात एसडी लिहू का एसई? (आणि ते वर्गमूळ येतं कुठून)

हळदीचा वाफा
नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यातला आहे, एमएस्सी ॲग्रीचं शेवटचं वर्ष चालूय. थिसिस हळदीवर, जात सेलम, ठिबकमधून खताचे सात वेगवेगळे डोस (ट्रीटमेंट) आणि चार रेप्लिकेशन, म्हणजे प्रत्येक डोस चार प्लॉटना. प्रत्येक प्लॉटमधली पाच पाच झाडं खुणेची धरली होती, त्यांच्या गड्ड्यांचं ओलं वजन काढलंय म्हणजे एका ट्रीटमेंटला वीस झाडं झाली. आता सीनियर म्हणतोय टेबलात सरासरी प्लस मायनस एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन) लिही, दुसरा म्हणतोय एसई (स्टँडर्ड एरर) लिही, तो छोटा येतो आणि बरा दिसतो, आणि जुन्या सगळ्या थिसिसमध्ये टेबलाच्या खाली एक ओळ असते, एसईएम (सरासरीचा एसई) प्लस मायनस आणि सीडी (क्रिटिकल डिफरन्स) ॲट फाइव्ह पर्सेंट, ती सॉफ्टवेअर काढून देतं आणि आपण चिकटवायची, पण ती येते कुठून ते कुणी धड सांगत नाही. सूत्र पाठ आहे, एसडी भागिले वर्गमूळ एन, एन म्हणजे नमुन्यात किती मोजले. पण वर्गमूळच का? नुसतं एनने का नाही भागायचं? व्हायवात हे विचारलं तर काय सांगू? जरा आपल्या भाषेत समजवा, व्हिडिओ लई बघून झाले.

कृष्णाकाठ
छोटा येतो म्हणून लिहायचा, हे कारण आवडलं. हाहा. जाणकारांच्या प्रतीक्षेत, मलाही हवंय.

आकडेमोड
"बरा दिसतो म्हणून एसई" हे निम्म्या जगाचं खरं कारण आहे, फक्त कुणी बोलून दाखवत नाही. मी सांगलीतच स्टॅट शिकले आणि आता शिकवते, त्यामुळं लांबण लागणार आहे, कंटाळा आला तर खाली सरका.

उसाचं घ्या, हळदीकडं नंतर येते. एका फडात एका उसाचं सरासरी वजन १.४ किलो आणि एसडी ०.३ किलो आहे असं धरा. म्हणजे कुठला ऊस किलोचा, कुठला पावणेदोनचा, असा फरक आहे. हा फरक त्या फडाचा आहे, तुमच्या मोजण्याचा नाही. तुम्ही २५ ऊस तोला नाहीतर १०,००० तोला, एसडी ०.३ च्याच आसपास येत राहणार, जास्त मोजले म्हणून ऊस काय एकसारखे होत नाहीत.

आता तुम्ही फडातून कुठलेही २५ ऊस काढले, सरासरी आली १.३६. मी त्याच फडात जाऊन दुसरे २५ काढले, माझी आली १.४५. तिसऱ्याची १.४१. या ज्या सरासऱ्या येतायत त्या आपापसात किती हलतात, त्या हलण्याचा जो एसडी तो स्टँडर्ड एरर. बास एवढंच. एसई हा पण एसडीच आहे, फक्त उसांचा नाही, सरासऱ्यांचा. आणि शंभर माणसं फडात घालायची गरज पडत नाही, एकाच नमुन्यातून त्याचा अंदाज निघतो: ०.३ भागिले ५, म्हणजे ०.०६ किलो. १०० ऊस तोलले तर ०.०३. ४०० तोलले तर ०.०१५.

हळदीचा वाफा
ताई म्हणजे चौपट मेहनत आणि फायदा निम्माच?

आकडेमोड
हो, आणि याला इलाज नाही. २५ वरून १०० वर जाताना जे मिळतं ते ४०० वरून ५०० वर जाताना मिळत नाही, म्हणून नमुना किती घ्यायचा हे आधी कागदावर ठरवायचं असतं, ट्रॉली भरल्यावर नाही.

वर्गमूळाचं आता. २५ उसांची मोळी बांधा. एका उसाचं व्हेरियन्स, म्हणजे एसडीचा वर्ग, ०.३ चा वर्ग, ०.०९. वेगवेगळ्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टींची बेरीज केली की व्हेरियन्सची बेरीज होते, एसडीची होत नाही, हा सगळा खेळ इथंच आहे. म्हणजे मोळीच्या वजनाचं व्हेरियन्स २५ गुणिले ०.०९ = २.२५ आणि एसडी १.५ किलो. एकटा ऊस ०.३ ने हलतो म्हणून २५ ची मोळी ७.५ किलोने हलेल असं वाटतं पण हलते फक्त १.५ ने, कारण मोळीत काही जड आले तर काही हलकेही आलेले असतात आणि ते एकमेकांचं खाऊन टाकतात. आता मोळीचं वजन भागिले २५ केलं की सरासरी मिळते, मग १.५ ला पण २५ ने भागा, ०.०६. वर वर्गमूळ २५, खाली २५, उरलं खाली वर्गमूळ. नुसत्या एनने भागायचं तर मोळीतला एक ऊस सोडून बाकी प्रत्येक जड उसाला बरोबर तेवढाच हलका ऊस मोळीत यायला पाहिजे, असं कोण बांधून देणार?

कराडकर ७
वा, मोळीवालं पहिल्यांदाच कळलं. आम्हाला फळ्यावर सिग्मा स्क्वेअर बाय एन लिहून पुढच्या चॅप्टरला नेलं होतं. वाचनखूण साठवली.

उसाचा फड
ताई यक शंका हाय. तुमी म्हनला कुटलंबी पंचवीस ऊस. पर आमच्याकडं सॅम्पल घ्याला येत्यात ती पोरं बांधावरनं आत शिरतच न्हाईत, पाचटात पाय टाकाय नको म्हनून. रस्त्याकडच्या दोन बेटातनं धा-बारा ऊस उपसत्यात आन झालं. मग त्याला बी तुमचं हे वर्गमूळ चालतंय व्हय?

आकडेमोड
दादा, अख्ख्या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न. नाही चालत, आणि दोन कारणांनी नाही चालत, ती दोन्ही वेगळी आहेत, त्यांची सरमिसळ करू नये.

पहिलं, एका बेटातले ऊस एकमेकांचे सख्खे असतात, तीच मुळी, तेच पाणी, तेच खत. एक जाड निघाला तर शेजारचा पण जाडच निघण्याची शक्यता जास्त. मग मोळीत जड हलके एकमेकांना खात नाहीत. कागदावर ऊस बारा, पण माहिती दोन-तीन उसांएवढीच. सूत्रात बारा घातले तर एसई खोटा छोटा येतो.

सर्व्हेत याला डिझाइन इफेक्ट म्हणतात. २० गावांत प्रत्येकी १० शेतकरी विचारले, एकूण २००. एकाच गावातल्या लोकांच्या उत्तरांतला संबंध ०.१ एवढा किरकोळ जरी असला तरी इफेक्ट येतो १ अधिक ९ (गावातले दहा वजा एक) गुणिले ०.१ = १.९, आणि २०० ला त्यानं भागायचं. म्हणजे तुमचे २०० शेतकरी प्रत्यक्षात १०५ शेतकऱ्यांएवढेच. गावं वाढवा, गावातली माणसं नाही.

दुसरं कारण बांधाचं, त्यावर नंतर लिहिते, वर्गाची वेळ झाली.

हळदीचा वाफा
थांबा थांबा. मग माझी एका प्लॉटमधली पाच झाडं पण सख्खीच की. एका ट्रीटमेंटच्या वीस झाडांचा एसडी ४७ ग्रॅम येतोय, त्याला वर्गमूळ २० ने भागलं तर १०.५ येतं. सॉफ्टवेअरचा एसईएम मात्र १५ दाखवतोय. मला वाटलं सॉफ्टवेअर गंडलंय.

निवृत्त कृषी
सॉफ्टवेअर बरोबर आहे. मी कृषी खात्यात अशा प्रयोगांच्या मागे आयुष्य घालवलं, हाताने ॲनोव्हा (फरक डोसमुळे किती आणि उरलेला किती याची विभागणी) सोडवायचो, त्यामुळे सांगतो. खताचा डोस तुम्ही झाडाला दिला का प्लॉटला? प्लॉटला दिला. मग तुमचं एकक प्लॉट. पाच झाडांची सरासरी काढून प्लॉटचा एक आकडा करायचा, असे एका ट्रीटमेंटचे आकडे चार, म्हणून एन चार, वीस नव्हे. झाडं पाचाऐवजी पन्नास मोजली तरी रेप्लिकेशन चारच राहतात, फक्त प्लॉटचा आकडा जरा नेमका होतो.

तुमचा एरर मीन स्क्वेअर, म्हणजे डोस आणि रेप्लिकेशनचा फरक काढून उरलेलं व्हेरियन्स, ९०० आला असणार. ९०० भागिले ४ म्हणजे २२५, वर्गमूळ १५. हा एसईएम. पण तुम्हाला एका सरासरीशी देणंघेणं नाही, दोन ट्रीटमेंटमधला फरक बघायचाय, आणि फरकात दोन्हीकडचं हलणं येतं, म्हणून गुणिले वर्गमूळ २, झालं २१.२. त्याला टी ने गुणायचं, हा टेबलातला गुणक, एररचा अंदाज किती सुट्या आकड्यांवर (डिग्री ऑफ फ्रीडम) उभा आहे त्यावर ठरतो. सात ट्रीटमेंट, चार रेप्लिकेशन, एररचे डिग्री ऑफ फ्रीडम ६ गुणिले ३ = १८, टेबलात टी २.१०१. गुणाकार ४४.६ ग्रॅम. ही तुमची सीडी, दोन सरासऱ्यांतला फरक हिच्यापेक्षा मोठा असेल तरच तो धरायचा. जुन्या थिसिसमधली ती ओळ म्हणजे एवढंच, त्यात मंत्र नाही.

हळदीचा वाफा
सर साष्टांग. ९०० च आहे, ९०२ पॉइंट काहीतरी. पण मग एक वाईट बातमी आहे. माझा कंट्रोल ४१२ आणि ज्या डोसवर सगळी भिस्त होती तो ४५५. फरक ४३.

निवृत्त कृषी
ॲट पार, म्हणजे फरक सीडीच्या आत. लिहायचं तसंच.

कृष्णाकाठ
दीड ग्रॅमने गेला बिचारा. एखादं झाड पुन्हा तोलून बघा.

निवृत्त कृषी
असले सल्ले देऊ नयेत. गंमतीतही.

आकडेमोड
आले. सरांनी इतकं स्वच्छ लिहिलंय की भर घालायची गरज नाही. फक्त ॲट पार म्हणजे "डोसचा उपयोग नाही" असं नाही, एवढं लक्षात ठेवा. तुमच्या प्रयोगाला ४४ ग्रॅमच्या खालचा फरक ओळखता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सहा रेप्लिकेशन असती आणि एरर तेवढाच असता तर डिग्री ऑफ फ्रीडम ३०, टी २.०४२, आणि सीडी साधारण ३५ वर आली असती. व्हायवाला हे वाक्य बोललात तर समोरचे खूश होतील, कारण बहुतेक मुलं ॲट पार म्हणजे सारखंच असं म्हणून मोकळी होतात.

टी वरून आठवलं. एन छोटा असला की एसई स्वतःच डगमगता असतो, चार आकड्यांवरून काढलेल्या एसडीचा भरवसा काय? ते डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या गॉसेटने १९०८ साली सोडवलं. बार्लीचे थोडे नमुने, थोडे प्रयोग, त्याची अडचण अगदी तुमच्यासारखीच होती. कंपनी स्वतःच्या नावानं छापू देत नव्हती म्हणून त्यानं स्टुडंट हे नाव घेतलं, म्हणजे आपल्यासारखाच आयडी घेऊन लिहायचा. चारच आकडे आणि बाकी काही नसेल तर टी ३.१८ घ्यावा लागतो, २ नाही. तुम्हाला २.१ वर भागतंय कारण ॲनोव्हात सातही ट्रीटमेंटचा एरर एकत्र धरलाय.

कराडकर ७
एक विचारतो. ते ९५ टक्केवालं. पेपरात ग्राफवर ज्या उभ्या काड्या असतात त्या दोन खांबांच्या एकमेकांवर आल्या म्हणजे फरक नाही, हे बरोबर का?

आकडेमोड
आधी काड्या कसल्या आहेत ते खाली लिहिलंय का बघा, एसडीच्या, एसईच्या का ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हलच्या. लिहिलं नसेल तर त्या ग्राफवरून काही ठरवू नका, मी तर विद्यार्थ्याला परत पाठवते. दोन्हीकडचे नमुने सारखे असतील आणि एसईच्या काड्या एकमेकांना जेमतेम टेकत असतील तर फरक आहे २ एसई, फरकाचा स्वतःचा एसई १.४१ पट, म्हणजे भागाकार १.४ फक्त, लागतो दोनच्या आसपास. काही सिद्ध होत नाही. उलट ९५ टक्केवाल्या काड्या जेमतेम टेकत असतील तर भागाकार २.८ च्या आसपास जातो, तिथं फरक चांगलाच आहे. म्हणजे टेकल्या, नाही टेकल्या यावर जाऊ नका.

उसाचं ९५ टक्के काढायचं तर २५ चा नमुना, टी २.०६, एसई ०.०६, म्हणून १.४ ला दोन्हीकडं ०.१२. साधारण १.२८ ते १.५२. याचा अर्थ ९५ टक्के ऊस या वजनात बसतात असा लावणारे पण भेटतात. ऊस ०.८ पासून २.० पर्यंत पसरलेत, ते एसडी सांगतो. १.२८ ते १.५२ हे सरासरीबद्दल आहे.

जतकर
माफ करा, मधेच घुसतो, माझं थिसिसबिसिस काही नाही, जत भागात बाजरी आहे, पीक विमा भरलेला. आमच्या मंडळात पीक कापणी प्रयोग झाले, सरासरी उंबरठ्याच्या वर आली, भरपाई शून्य. माझ्या रानात तर कणसं भरलीच नाहीत. आमच्या इथं सगळे म्हणतात आकडे खोटे. तुमचं वरचं वाचून मला वेगळंच वाटायला लागलंय, आकडे खरे असून पण असं होऊ शकतं का?

आकडेमोड
होऊ शकतं, दादा. तुमच्या मंडळातले आकडे खरे का खोटे ते मला इथं बसून सांगता येणार नाही, पण गणित असं आहे. समजा मंडळाची सरासरी हेक्टरी ८०० किलो आणि शेताशेतातला एसडी ३००. दहा प्रयोग केले तर एसई ३०० भागिले ३.१६, म्हणजे ९५ किलो. विमा एरियावर आहे, म्हणजे निर्णय सरासरीवर. तुमचं रान २०० किलोवर असू शकतं आणि तरीही सरासरी ८०० बरोबर असू शकते, हा एसडीचा भाग. तुमचं दुःख एसडीत आहे आणि योजना सरासरी मोजते. उद्या मंडळात दहाऐवजी हजार प्रयोग केले, एसई दहावर आला, तरी तुमच्या रानाला त्याचा काही उपयोग नाही.

दुसरी बाजू पण बघा. दहा प्रयोगांवर ९५ टक्क्यांचा पट्टा येतो ८०० ला दोन्हीकडं २१५. उंबरठा ७५० असेल तर खरी सरासरी त्याच्या खाली असूनसुद्धा प्रयोगात वर येऊ शकते, उलटही होऊ शकतं. एका आकड्यावर अख्ख्या मंडळाची भरपाई ठरते आणि शेजारी तो प्लस मायनस कुणी लिहीत नाही, माझी तक्रार असेल तर ती इथं आहे.

जतकर
म्हणजे खोटं कुणी न बोलता पण माझं गेलं ते गेलंच.

उसाचा फड
व्हय की ओ. आन ताई बांधाचं ऱ्हायलं.

आकडेमोड
विसरले नाही. एसई फक्त एवढंच सांगतो की पुन्हा पुन्हा तसाच नमुना घेतला तर सरासरी किती हलेल. "तसाच" हा शब्द महत्त्वाचा. सगळे नमुने रस्त्याकडनंच घेतले तर सगळ्या सरासऱ्या सारख्याच चुकीच्या येणार, एकमेकांना अगदी जुळणार, एसई छान छोटा. कडेच्या उसाला ऊन वारा जास्त, तो भरतो, म्हणून सरासरी फुगते. ही चूक एन वाढवून कमी होत नाही. रसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर अर्धा ब्रिक्स जास्त दाखवत असेल तर हजार रीडिंग घ्या, हजारही अर्ध्यानं जास्त.

आणि यात सातारकरांनी कॉलर ताठ करावी. पां. वा. सुखात्मे, जन्म १९११, खटाव तालुक्यातल्या बुधचे. लंडनला शिकून आले, पुढं कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्राचं काम उभं केलं, नंतर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत गेले. १९४० च्या दशकात पीक कापणीसाठी तुकडा केवढा कापायचा यावर त्यांचं आणि कलकत्त्याचे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचं चांगलंच वाजलं होतं. महालनोबिसांकडचं काम छोट्या तुकड्यांवर चालायचं, छोटा तुकडा म्हणजे कापायला सोपा, त्याच पैशात जास्त तुकडे होतात. सुखात्म्यांचं म्हणणं, तुकडा छोटा झाला की त्याच्या हद्दीवरची झाडं आत का बाहेर याचा प्रश्न मोठा होतो, कापणारा माणूस नकळत आत धरतो, आणि उत्पन्न फुगून येतं. नुसतं म्हटलं नाही, शेतात मोठे छोटे तुकडे शेजारी शेजारी कापून दाखवलं, १९४६ ला नेचरमध्ये छापून आलं. छोटे तुकडे भरपूर घेतले की एसई खाली जातो आणि आकडा मात्र वरच राहतो. माझ्या मते संख्याशास्त्र शिकवताना फडातलं याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही, पण पुस्तकात नाणी आणि फासेच असतात.

कराडकर ७
बुधचे? पुसेगावच्या यात्रेला जाताना तो फाटा कितीदा बघितलाय. +१ या प्रतिसादाला.

निवृत्त कृषी
पानसे (तेही शेतीच्या संख्याशास्त्रातले) आणि सुखात्मे ही दोन नावं आम्हाला देवासारखी होती. आपण ग्रॉस प्लॉट आणि नेट प्लॉट वेगळा धरतो, कडेच्या ओळी सोडून देतो, त्यामागे हेच. वाफेवाले, खुणेची झाडं नेट प्लॉटमधलीच आहेत ना?

हळदीचा वाफा
हो सर, दोन्ही बाजूची एक एक ओळ सोडून आतली, आणि चिठ्ठ्या टाकून काढलेली. ते कशासाठी ते आत्ता कळतंय.

कृष्णाकाठ
अवांतर: जत तालुका एवढा मोठा, मग तिथं नमुना पण मोठा लागणार ना, वाळव्यापेक्षा?

आकडेमोड
नाही. सूत्रात एन नमुन्याचा आहे, तालुक्याचा नाही. ४०० लोक विचारले आणि ४० टक्के हो म्हणाले तर एसई २.४५ टक्के, तालुक्यात लाख लोक असोत का दहा लाख. नमुना एकूण गटाचा बराच मोठा वाटा असेल, ३०० पैकी १०० मुलं विचारली असं काही, तर तिथं एसई कमी होतो, ०.८२ ने गुणायचा. तालुक्याच्या पातळीवर ते विसरलं तरी चालतं.

हळदीचा वाफा
म्हणजे टेबलात आता असं करतो. ट्रीटमेंटच्या नुसत्या सरासऱ्या, खाली एसईएम १५ आणि सीडी ४४.६, आणि टीप देतो की एन म्हणजे चार प्लॉट. झाडाझाडातला फरक दाखवायचा असेल तिथं वेगळ्या टेबलात एसडी. चालेल?

निवृत्त कृषी
चालेल. ९०२ आहे तर ९०२ चंच काढा, गोल आकडे इथे मी सोयीसाठी घेतले.

हळदीचा वाफा
हो सर. शेवटचं एक, कंदकुजीचे टक्के पण आहेत, काही प्लॉटला ० आणि काही ठिकाणी ३०-३५. त्याला पण हाच एसईएम चालवू का?

आकडेमोड
सरळ नाही. टक्क्यांत शून्याजवळ हलायला जागाच कमी असते आणि मधे जास्त, म्हणजे सगळ्या प्लॉटला एकच एरर धरणं बसत नाही. थिसिसमध्ये आर्कसाइन करून (टक्के दुसऱ्या मापात बदलून) घेतात, मला ते फारसं पटत नाही, लॉजिस्टिकवालं मॉडेल (झाड कुजलं का नाही यावरच बेतलेलं) बरं. पण ते इथं घुसडू नकोस, नवा धागा काढ आणि प्लॉटवार किती झाडं होती, किती कुजली ते आकडे दे, नुसते टक्के नकोत.